‘संपली’ म्हणजे गुंडाळली

संपादक महोदय,

गेल्या शनिवारी आईची साडेआठची मालिका संपली. तीन वर्षं तिच्यासाठी आमच्याकडे भाकऱ्या आठच्या आत होत होत्या. शेवटच्या भागात नायिकेच्या जिवावर उठलेली जाऊ एकदा हात जोडून मोकळी झाली, हरवलेला दीर दोन जाहिरातींच्या मधे उगवला आणि अख्खं घर फोटोसाठी उभं राहिलं. नायिका डोळे पुसत होती तेवढ्यात खालच्या पट्टीवर ‘सोमवारपासून’ म्हणत नवी नायिका पदर खोचून हजर! आई म्हणाली, “अगं, पंगत उठायच्या आत पत्रावळी उचलल्या की!”

पण लेखकाला तरी काय बोलायचं? टीआरपी घसरला की साडेआठची मालिका साडेसहाला नाहीतर रात्री अकराला ढकलतात, मग बंद करतात. हाती उरलेल्या चार दिवसांत तो बिचारा तीन वर्षांचा पसारा आवरणार कसा? बरं, चालणारी मालिका कोणी वेळेवर संपवत नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की त्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद फिरत होते. ‘तुला पाहते रे’ मात्र २०१८च्या ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढच्या जुलैत संपलीसुद्धा. नायकच खलनायक निघाला. मला त्यातला नायिकेचा पुनर्जन्म काही पटला नव्हता, पण गाडी कुठे चाललीय हे चालवणाऱ्याला ठाऊक होतं.

अर्थात शेवट आधी ठरवून भागतंच असं नाही. माझा मुलगा ‘हाउ आय मेट युअर मदर’ या अमेरिकन मालिकेचा भक्त. त्यातली मुलं मोठी दिसतील म्हणून त्यांचा शेवटचा प्रसंग दुसऱ्या सीझनच्या सुमारासच चित्रित करून ठेवला होता. २०१४ मध्ये, नवव्या सीझनच्या शेवटी, तो जोडला आणि प्रेक्षक भडकले. पत्रिका जुळवून कपाटात ठेवली, तोवर मुलीने भलताच जावई आणला, त्यातली गत.

आमचं बालपण पंचवटीतलं. १९८८ मध्ये दूरदर्शनवरचं ‘रामायण’ राज्याभिषेकावर थांबणार होतं, तेव्हा वाल्मीकींना आराध्य मानणाऱ्या उत्तरेकडच्या सफाई कामगारांनी वाल्मीकींच्या आश्रमातली कथा दाखवा म्हणून संप केला. पुढे लव-कुशाचे भाग आले. आजीला त्या संपाचं जराही नवल वाटलं नव्हतं. सीतागुंफा घरापासून चार पावलांवर. “सीतेचं पुढे काय झालं ते न सांगता उठायचं कसं?” हा तिचा सरळ हिशेब.

वाहिन्यांना एवढंच सांगायचंय, की मालिका संपवायची तर महिनाभर आधी ठरवा आणि कट-कारस्थानं निस्तरल्यावर दहा मिनिटं त्या घरात आम्हाला नुसतं बसू द्या. आपल्याकडे पाहुणा ‘येतो’ म्हणून चपला घालतो आणि दारात अर्धा तास बोलत उभा राहतो. ती ‘सोमवारपासून’वाली पट्टीही तेवढ्यापुरती बाजूला ठेवा.

सोमवारी साडेआठला आई सवयीने टीव्हीसमोर बसली. नवी मालिका पाचेक मिनिटं बघून तिने विचारलं, “त्या दिराचं लग्न झालं का गं शेवटी?”

मला सांगता आलं नाही.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक