डोळ्याचा दाब मोजता, तसं जगणंही विचारा

संपादक,
स.न.वि.वि.

जागतिक काचबिंदू सप्ताहानिमित्त आपण छापलेला लेख वाचला. रक्ताच्या नात्यात कुणाला काचबिंदू असेल तर बाकीच्यांनीही डोळे तपासून घ्यावेत, हे आपण ठळक छापलंत त्याबद्दल मनापासून आभार. पण लेखासोबतचं चित्र मला खटकलं. मधे गोल उजेड आणि भोवती काळाकुट्ट बोगदा. मला काचबिंदू होऊन नऊ वर्षं झाली, आणि असा काळोख मला एकदाही दिसलेला नाही. माझी दोन्ही डोळ्यांतली खालच्या बाजूची नजर बरीच गेली आहे. तिथे काळं दिसत नाही. आजूबाजूचं घेऊन मेंदू ती जागा भरून टाकतो, म्हणून काही गेलंय हेच कळत नाही. गेल्या वर्षी नात जमिनीवर बसून चित्र काढत होती. मला जमीन दिसत होती, ती दिसत नव्हती. माझा पाय तिच्या बोटांवर पडला. रडू आवरून ती म्हणाली, "आजी, मी इथेच होते ना." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

हा माझ्या एकटीचा अनुभव नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काचबिंदूच्या ५० रुग्णांना निरनिराळी चित्रं दाखवून विचारलं होतं, तुमचं दिसणं यांतल्या कशासारखं आहे? काळ्या बोगद्याचं किंवा काळ्या डागांचं चित्र एकानेही निवडलं नाही. निम्म्याहून अधिक जणांनी काही भाग धूसर असलेलं चित्र निवडलं, आणि जवळपास पाव रुग्णांना आपली नजर कमी झाल्याचं जाणवतच नव्हतं.

पत्र लिहिण्याचं खरं कारण मात्र पुढे आहे. माझ्या केसपेपरवर दर वेळी डोळ्याचा दाब लिहिला जातो. तो १४-१५ असतो, म्हणजे साधारण १० ते २१ या सामान्य मर्यादेत. नजर कुठवर पोचते ते तपासणाऱ्या फील्ड टेस्टचा कागद जोडला जातो, डोळ्यामागच्या नसेचा स्कॅन जोडला जातो, आणि शेवटी शेरा येतो: स्थिर. डॉक्टर मन लावून तपासतात, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण याच नऊ वर्षांत मी दिवेलागणीनंतर एकटी बाहेर पडणं सोडलं, जिना उतरताना प्रत्येक पायरीची कड पायाने चाचपायला लागले आणि वर्तमानपत्राची ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवात बोटाने धरून ठेवायला शिकले. यातलं एक अक्षरही केसपेपरवर नाही.

हे मोजता येत नाही, असं कुणी म्हणू नये. त्यासाठी प्रश्नावल्या आहेत आणि त्या वर्षानुवर्षं संशोधनात वापरात आहेत. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटची व्हीएफक्यू-२५ ही २५ प्रश्नांची. उत्तरांवरून ० ते १०० गुण निघतात, १०० म्हणजे उत्तम. ती डोळ्यांच्या सगळ्याच आजारांसाठी आहे. भारतातल्या रुग्णांशी बोलून तयार केलेली ३३ प्रश्नांची वेगळी प्रश्नावलीही आहे. खास काचबिंदूसाठी जीक्यूएल-१५ आहे: पंधरा प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज जितकी जास्त तितका त्रास जास्त. अंधारात चालणं, उजेडातून अंधाऱ्या खोलीत जाणं, बाजूने येणारी वस्तू दिसणं, पायरीचा अंदाज येणं, खाली पडलेली वस्तू सापडणं, चेहरा ओळखणं हे सगळं त्यात आहे. पहिलाच प्रश्न वर्तमानपत्र वाचण्याचा आहे. तो वाचला तेव्हा, कुणीतरी आपल्याला ओळखतं, असं वाटून मला भरून आलं होतं.

या प्रश्नावल्यांनाही एक आंधळी जागा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. मी स्वतः जीक्यूएल-१५ भरून पाहिली. "अंधार पडल्यावर चालताना त्रास होतो का?" माझ्या मनात पहिलं उत्तर आलं, नाही. खरंच होत नव्हता, कारण मी अंधारात जातच नव्हते. नजरेखेरीज दुसऱ्या कारणाने एखादी गोष्ट करत नसाल तर शून्य लिहा, अशी सोय तिच्यात आहे. पण मी बाहेर जाणं सोडलं ते डोळ्यांमुळे की वयामुळे, हे माझं मलाच पटकन सांगता येईना. हळूहळू सोडलेल्या गोष्टींचा हिशोब कुणी ठेवतं का? नजर जाते ती जागा मेंदू भरून काढतो, आणि आयुष्यातून जे निघून जातं त्याची जागा आपण सवयीने भरून काढतो. म्हणून "त्रास होतो का" एवढंच विचारून थांबू नये. "पूर्वी करत होतात, आता करत नाही, असं काय काय आहे आणि कधीपासून?" हेही विचारलं पाहिजे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर माणूस पट्टी काढतो आणि स्वच्छ दिसलं की हसतो. काचबिंदूत ते सुख नाही. गेलेली नजर परत येत नाही. उपचार दाब कमी करतात, उरलेलं राखतात. आमच्याकडे यश म्हणजे काहीच न घडणं. त्या यशासाठी रोज थेंब घालायचे. बाटली हातात थरथरते, थेंब गालावर ओघळतो, दुसरा घालावा की नको कळत नाही. डोळे चुरचुरतात, लाल होतात. या त्रासासाठी जीक्यूएल-१५ मध्ये एकही प्रश्न नाही. पडण्याच्या भीतीबद्दलही नाही. आणि फील्ड टेस्टच्या दिवसाबद्दल तर काय सांगू! हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून बारीक ठिपक्यांची वाट पाहायची. मधेच बराच वेळ काही दिसत नाही. यंत्र बंद पडलं, की माझी नजर आणखी गेली? तेवढ्या वेळात हाताला घाम सुटतो. शिवाय ती टेस्ट एकेका डोळ्याची असते, आणि आम्ही वावरतो दोन्ही डोळे उघडे ठेवून.

ब्रिटनमधल्या लाइट या काचबिंदूवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. ७१८ रुग्ण होते. दाब कमी करायला काहींना आधी लेझर उपचार, काहींना आधी थेंब. मुख्य मोजमाप दाबाचं नव्हतं, जीवनमानाचं होतं, याचं मला फार अप्रूप वाटलं. पण त्यासाठी घेतली ईक्यू-५डी ही सर्वसाधारण आरोग्याची प्रश्नावली. तिच्यात हिंडणं-फिरणं, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, दुखणं आणि चिंता एवढंच विचारतात. दिसण्याविषयी एकही प्रश्न नाही. तीन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुणांत फरक निघाला नाही. लेझर घेतलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांचा दाब मात्र थेंबांशिवाय आटोक्यात होता. रोज थेंब घालणाऱ्या माणसाला विचारा, हा फरक लहान आहे का.

डॉक्टरांकडे वेळ नसतो, हे मला माहीत आहे. ओपीडीत आम्ही तासन्‌तास बसलेलो असतो, तेव्हा कुणी सहायकाने दहा मिनिटं विचारलं तरी पुरे. मात्र बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालण्याआधी विचारावं, नंतर जवळचं काही वाचता येत नाही. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावेत. आणि उत्तर रुग्णाकडूनच घ्यावं. माझी मुलगी प्रेमाने सांगते, "आईला काही त्रास नाही हो, सगळं घरातलं करते." तिला तसंच दिसतं, कारण मी तसंच दिसू देते. नातेवाइकांना विचारायचं तर वेगळं बसवून विचारावं. दर तपासणीला नको, वर्षातून एकदा, फील्ड टेस्टच्या कागदाला जोडून.

माझी पुढची तपासणी दोन महिन्यांनी आहे. सोडून दिलेल्या गोष्टींची यादी मी करायला घेतली आहे; काल रात्रीपर्यंत अकरा झाल्या. काही मलाही लिहितानाच आठवल्या. तो कागद केसपेपरला लावून घ्या, अशी विनंती मी डॉक्टरांना करणार आहे. आपल्याला एवढीच विनंती, की पुढच्या मार्चमध्ये लेख छापाल तेव्हा तो काळा बोगदा छापू नका.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका