ट्राममधला फोन

डोंबिवली, रविवार रात्र

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

नागरिकत्वाच्या परीक्षेत 33 पैकी 32! 17 बरोबर आले तरी पास करतात म्हणालीस. चुकलेला प्रश्न कोणता, ते मात्र सांगितलं नाहीस.

पासपोर्टचं कळलं. जर्मनांनी 27 जून 2024 पासून दोन्ही ठेवायला परवानगी दिली, आपलं सरकार देत नाही. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते, मिळेल. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात म्हणे, तो नीट ठेव.

आईला तू ट्रामची गोष्ट सांगत होतीस, ती मी स्पीकरवर ऐकली. समोरचा माणूस म्हणाला, इथे जर्मन बोला. तू हसून सोडून दिलंस. मला सोडता येत नाहीये. ट्राममध्ये फोन घेत जाऊ नकोस, एवढंच लिहायला बसलो होतो.

तुमच्या सॅक्सनी राज्यात 2024 ला एएफडीला, त्या स्थलांतरितविरोधी पक्षाला, तीस टक्क्यांवर मतं पडली. डब्यात शिरल्यावर मी तर माणसं मोजत बसलो असतो. सगळे तसे नसतात, ठाऊक आहे. शेजारची आजीच अर्णवला सांभाळते. पण 'वीअर झिंट दास फोल्क', आम्हीच जनता! 1989 मध्ये लायप्झिगला लोक दर सोमवारी हे पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सरकारला ऐकवत होते. पेपरात वाचून आम्ही ऑफिसात केवढे खूश झालो होतो. 2014 ला ड्रेस्डेनमध्ये पेगिडा या मुस्लिम आणि स्थलांतरितांविरुद्धच्या चळवळीवाल्यांनी घोषणा तीच घेतली, वारही तोच. समोर सरकारबरोबर आता परके लोकही. म्हणजे तू. सोमवारी तरी फोन घेऊ नकोस.

ते मोर्चे केव्हाच बंद झाले, असं म्हणशील. बरं, झालं माझं भाषण. रागावू नकोस.

तुला कधी सांगितलं नाही. गिरगावात शाळेत असताना 'हटाव लुंगी' मीही ओरडलोय. कोपऱ्यावरच्या उडप्याने फळ्या अर्ध्या लावून घेतल्या होत्या. तापल्या तव्याचा वास बाहेर येत होता. आत त्याची बायको मुलाला त्यांच्या भाषेत हाका मारत होती. आम्ही पोरांनी तिची नक्कल केली. ती एकदम गप्प झाली. भाषा तुळू होती, हे मला फार पुढे कळलं.

मेतकूट आणि भाजणी पाठवलीय. अर्णवशी घरात मराठीच बोल.

आई म्हणते, ट्राममधून तू बोलली नाहीस तर तिला झोप येत नाही. मग घे फोन. हळू बोल.

बाबा