तक्त्यात बाण नाहीत

प्रिय मनू,

मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे विषय मांडलेला तुझा तक्ता मिळाला. आठ सेमिस्टर, आठ रांगा, विषयांना वेगवेगळे रंग. दिसायला इतका देखणा, की बाबांनी तो दोनदा पाहिला आणि "झालं की मग सगळं!" म्हणून मोकळे झाले. त्यातले निम्मे विषय कशाशी खातात हे त्यांना माहीत नाही, तेव्हा त्यांचं मत सोडून दे. मी मात्र तो छापून घेतला, पेन्सिल घेऊन बसले आणि तासाभरात त्याची पार रया घालवली. रागावू नकोस.

कुठला विषय कुठल्या जातीचा ते तुझ्या रंगांवरून कळतं. कुठला कुणाच्या खांद्यावर उभा आहे ते कळत नाही. म्हणून मी बाण काढले, आणि तेही शेवटाकडून. आठव्या सेमिस्टरला प्रोजेक्ट आहे. त्याला मशिन डिझाइन लागणार, डिझाइनला स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, त्याला स्टॅटिक्स. ही एक साखळी. दुसरी गणितापासून निघते: कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, मध्येच स्टॅटिक्सकडून येऊन मिळणारं डायनॅमिक्स, आणि पुढे व्हायब्रेशन्स नि कंट्रोल. तिसरी थर्मो, फ्लुइड, हीट ट्रान्सफर. जी साखळी लांब, तिला तक्त्यात सरकायला जागा कमी. तिच्यातला एक विषय राहिला की तो एकटा राहत नाही, त्याच्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांना खाली ओढतो. त्यातून तो वर्षातून एकदाच शिकवत असतील, तर सहा महिन्यांच्या जागी अख्खं वर्ष गेलं. कुठला विषय कधी असतो ते विभागात जाऊन स्वतः विचार. सीनिअर मुलं सांगतात ते त्यांच्या वेळचं असतं.

आता चुका. हीट ट्रान्सफर तू चौथ्यात घेतलंस आणि फ्लुइड पाचव्यात. नळीतून वाहणारं पाणी नळीला किती थंड करतं हे काढायचं, तर आधी ते पाणी कसं वाहतंय ते कळायला हवं. रेनॉल्ड्स या ब्रिटिश इंजिनिअरने १८८३ साली काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून नेमकं हेच दाखवलं: वेग कमी असताना धार सरळ दोऱ्यासारखी जाते, वेग वाढवला की एका टप्प्यावर विस्कटून सगळ्या पाण्यात मिसळते. गोल नळीत त्याच्या नावाचा आकडा, रेनॉल्ड्स नंबर (वेग, नळीचा व्यास आणि द्रवाचा चिकटपणा यांवरून निघतो), साधारण २३०० च्या पुढे गेला की गडबड सुरू होते, आणि हीट ट्रान्सफरमध्ये कुठलं सूत्र लावायचं ते त्या आकड्यावर ठरतं. फ्लुइड न शिकता तू तिथे बसलीस तर सूत्रांचं कोष्टक पाठ करशील, दुसरं काय करणार? दोघांची अदलाबदल कर.

दुसरी चूक वाचताना मला हसू आलं, कारण ती माझीच आहे. डिफरन्शियल इक्वेशन्सची धास्ती वाटते म्हणून तू ते ढकलत ढकलत व्हायब्रेशन्सच्या रांगेत आणलंस. मीही तसंच केलं होतं. दोन्ही एकदम चालू असल्यामुळे एकीकडे समीकरण सोडवायला शिकवायच्या आधीच दुसरीकडे त्याचं उत्तर हवं असायचं. मी उत्तर पाठ केलं. स्प्रिंग, वजन, नॅचरल फ्रीक्वेन्सी (धक्का दिल्यावर वस्तू आपली आपण ज्या गतीने हलत राहते ती) म्हणजे कडकपणा भागिले वस्तुमान याचं वर्गमूळ (कोनीय, ते २π ने भागलं की हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती वेळा). पेपरात गुणही बरे पडले.

मग नोकरीला लागले. पहिल्याच वर्षी एक ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा मोठा पंखा, माझ्या गळ्यात आला. उंच फ्रेमवर बसवलेला, मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला २४. चालू केला की फ्रेम आडवी थरथरायची. वर ठेवलेला नट चालत चालत काठापर्यंत यायचा आणि खाली पडायचा. हलतंय ना, मग मजबूत करू, असा विचार करून मी वरची प्लेट जाड करायला लावली, पायांनाही पट्ट्या मारल्या. पुन्हा चालू केला तर नट पुन्हा चालायला लागला. कडकपणा वाढला होता तसं वजनही वाढलं होतं, आणि भागाकार जवळपास होता तिथेच होता, म्हणजे फ्रेमची नॅचरल फ्रीक्वेन्सी मोटरच्या २४ ला अजून जुळतच होती. शेवटी तिथल्या वयस्कर फिटरकाकांनी दोन पायांच्या मध्ये तिरपे अँगल वेल्ड केले. वजन नावापुरतं वाढलं, आडवा कडकपणा कितीतरी पटींनी, आणि नट जागचा हलेना. ते मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. पाठ केलेलं सूत्र माझ्या तोंडात होतं, पण त्या फ्रेमकडे पाहताना ते एकदाही आठवलं नाही. तेव्हा डिफरन्शियल इक्वेशन्स तिसऱ्यात घे. धास्ती वाटत असेल तर त्या सेमिस्टरला बाकीचं हलकं ठेव, पण घे.

मटेरियल सायन्स तू सातव्यात टाकलंस, "थिअरी आहे, कधीही होईल" अशी टीप लिहून. ते डिझाइनच्या आधी यायला हवं. आमच्याकडे नवी मुलं येतात, शाफ्ट (मशिनचा फिरता दांडा) वाकतोय म्हणतात आणि महागडं अलॉय स्टील मागतात. साधं स्टील घ्या की अलॉय, इलॅस्टिक मॉड्युलस, म्हणजे धातूचा स्वतःचा ताठपणा, २०० गिगापास्कलच्या आसपासच. शाफ्ट तुटत असेल तर अलॉयचा उपयोग, वाकण्यात काडीचा फरक पडत नाही. व्यास मात्र २० टक्के वाढवला तर तोच शाफ्ट दुपटीने ताठ होतो, कारण तिथे व्यासाचा चौथा घात येतो. हे ज्याला आधी कळलंय त्याचं डिझाइनचं अर्धं वर्ष वाचतं.

क्रेडिट मोजून रांगा सारख्या केल्यास, तेही पटलं नाही. एका क्रेडिटची लॅब अख्खी संध्याकाळ खाते: रीडिंग, ग्राफ, एक बिंदू रेषेच्या बाहेर का गेला याचा शोध, मग रिपोर्ट. तुझ्या पाचव्या रांगेत अशा तीन लॅब आहेत आणि वर ड्रॉइंग. सबमिशनच्या आठवड्यात रडशील. एक लॅब हलव. सहाव्यात जागा मोकळी दिसते म्हणून तिथे काही कोंबू नकोस, तिथे मशिन डिझाइन आहे आणि ते दिसतं त्यापेक्षा जास्त जागा घेतं.

इलेक्टिव्ह, म्हणजे निवडीचे विषय, आत्ता ठरवू नकोस. रोबोटिक्स हवंय हे कळलं. त्याच्या पोटात डायनॅमिक्स आणि कंट्रोलच आहे, ते चांगलं झालं की सातव्यात बघू. प्रोग्रॅमिंग मात्र पहिल्या वर्षीच.

आणि वर्कशॉप "टाळता आलं तर" असं जे बारीक अक्षरात लिहिलंयस ते मी खोडलंय. लोखंडाचा एक तुकडा कानशीने घासून काटकोनात आणून बघ. ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडाकडे धरायचा, फट दिसली की पुन्हा घासायचा, आणि एक कड नीट होईतो दुसरी बिघडते. हात भरून येतात. त्यानंतर ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला ०.०१ मिलिमीटरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिताना पेन थबकतं. माझ्या टेबलावर अशी ड्रॉइंग अजून येतात, आणि कुणी वर्कशॉप टाळलंय ते मला नाव न बघता कळतं.

नवा तक्ता केलास की बाणांसकट पाठव. रंग नसले तरी चालतील, पेन्सिलने काढलास तर उत्तम, कारण तो दर सेमिस्टरला बदलणार आहे. बाबा विचारतायत की ह्युमॅनिटीजला हिरवा रंग का. मी म्हटलं, तेच विषय तिला सोपे वाटले असतील.

माझं जुनं डिझाइन डेटाबुक कपाटातून काढून ठेवलंय. बाइंडिंग सुटलंय, बेअरिंगच्या पानांवर ग्रीसचे डाग आहेत, पण आकडे सगळे वाचता येतात.

तुझी,
आई