सुकतीला उतरणारं विमान

बॅरा बेट, स्कॉटलंड
23 मार्च 2025

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. फोनवर तीनदा सांगून झालंय, पण बाबांना ते लेखी हवं असणार, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते. पोचले, खोली मिळाली, खोलीत हीटर आहे, हीटर चालतो.

परवा बाबा तापले आणि नेमका तेव्हाच फोन तुटला. मी ठेवला नव्हता. रेंज खरंच गेली होती, इथे वारा वाढला की जाते. तेव्हा उरलेलं भांडण पत्रात करते, म्हणजे मधे कुणाला बोलता येणार नाही.

ड्यूटीचं लिहीत नाही, ते तुम्हाला पाठ आहे. रात्रपाळी तीच, पेशंट तेच म्हातारे-म्हाताऱ्या, फक्त दवाखाना एवढासा की ग्लासगोत आमची चहाची खोली याहून मोठी होती. जेवते. वेळेवर जेवते.

आई, तू शेजारी सगळ्यांना "लेक बारा नावाच्या गावी गेली" असं सांगतेयस म्हणे. बॅरा. पण बारा म्हटलंस तरी चालेल, माणसंही हजार-बाराशेच आहेत.

आता विमानाचं. "पुळणीवर कुठे विमान उतरतं का, घाबरवू नकोस," असं बाबा म्हणाले. उतरतं. 1936 पासून उतरतंय. त्या पुळणीला इथल्या गेलिक भाषेत ट्राय व्होर म्हणतात, म्हणजे मोठी पुळण. डांबर नाही, काँक्रीट नाही. वाळूत लाकडी खांब रोवून तीन धावपट्ट्या आखल्यात, वारा जिकडचा असेल त्याप्रमाणे एक वापरायची. विमान एकोणीस सीटचं, ट्विन ऑटर म्हणतात त्याला, आपल्या दापोली-हर्णै वडापपेक्षा थोडंसं मोठं. पायलट समोर बसलेला दिसतो, त्याच्या काचेतून पुढचं सगळं दिसतं. ग्लासगोहून सव्वा तास. उतरताना चाकांखालून पाणी उडालं, आणि मला आपल्या बंदरावरच्या बैलगाड्या आठवल्या, मासळी आणायला पाण्यात शिरायच्या त्या.

आणि बाबा, खास तुमच्यासाठी: विमानाचं टाइमटेबल भरती-सुकतीवर ठरतं. भरतीला विमानतळ पाण्याखाली असतो. मी आले तो दिवस शिमग्याच्या पौर्णिमेचा. भरतीची वेळ काढायचं तुमचं, तिथीला पाऊणाने गुणायचं गणित मी विमानात करून पाहिलं, पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या सुमाराला आपल्याकडे पूर्ण भरती. आणि इथे त्याच वेळी पुळण कोरडी! समुद्र एकच म्हणायचा तर हे असं कसं, ते मला कळवा. इथल्या एका म्हाताऱ्या पेशंटला तुमचं गणित सांगितलं. तो जन्मभर मासेमारी करत होता. त्याने मान डोलवली आणि म्हणाला, तुझ्या बापाला इथे यायला सांग, नव्याने शिकवतो.

ओबानहून बोटही येते, जवळजवळ पाच तास लागतात. मार्चातला समुद्र पाहून मी विमान घेतलं. तांडेलाची मुलगी बोटीला घाबरली, हे बंदरावर सांगू नका.

विमानतळाची इमारत म्हणजे एक खोली आणि कॅन्टीन. सामान बाहेर एका शेडमध्ये आणून ठेवतात, पाजपंढरीच्या एस.टी. थांब्यासारखी शेड. आपलं आपण उचलायचं. वजन जास्त भरलं तेव्हा ग्लासगोतच दोन स्वेटर काढून मैत्रिणीकडे ठेवले, मसाल्याची पिशवी नाही काढली. (आई, स्वेटर अजून तीन आहेत.)

तिथून कॅसलबे, म्हणजे मी राहते ते गाव, आठ मैल. बस असते. लहान बस, बेटाभोवती फिरते. ती माझ्या डोळ्यांसमोर उभी होती आणि तरी मी ती चुकवली, हे मी फोनवर सांगितलं नव्हतं. मी काठावर उभी राहून विमान परत उडायची वाट बघत होते. वाऱ्याची पिशवी, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी पिशवी, खांबावर चढवलेली असेल तोवर पुळणीवर उतरायचं नाही अशी पाटी आहे, म्हणून काठावरच. ते वळलं, पळालं, उठलं, लहान होत गेलं. मागे वळून बघते तर बस नाही. पुढची दोन तासांनी. पाऊस आडवा, फोनला रेंज नाही.

आता या पुढचं, ज्यावरून बाबा ओरडले. होय, मी अनोळखी बाईच्या गाडीत बसले. बाई साठीची असेल, मागच्या सीटवर कुत्रा आणि मेंढ्यांच्या खाद्याचं पोतं. काच खाली करून तिने विचारलं, "नवी नर्स ना तू?" तिला कसं कळलं, असं तुम्ही तीनदा विचारलंत. बाबा, हर्णैत नवा मास्तर एस.टी.तून उतरला की तो कुठे राहणार हे त्याच्या आधी आपल्याला माहीत असतं. तसंच कळलं. आणि दापोली डेपोबाहेर रात्री अडकलेल्या किती जणांना तुम्ही बर्फाच्या टेम्पोत बसवून आणलंत? त्यांच्या बापांनी काय म्हणायचं? तिने घराच्या दारात सोडलं. मी दहा पौंड काढले तर तिने असं पाहिलं, आई, की तू पाहुण्याने पैसे काढले की पाहतेस तसंच.

पण त्या रस्त्यावरची एक गोष्ट नीट सांगते, नाहीतर तुम्हाला खोटं वाटेल. रस्ता एका गाडीपुरता. आपल्या आंजर्ले-केळशीच्या रस्त्यासारखा, समोरून गाडी आली की संपलं. आपल्याकडे मग दोघं उतरतात, तू मागे घे, तू घे, चार माणसं जमतात, एक जण निष्कारण हात हलवत "येऊ दे, येऊ दे" करतो. इथे थोड्या-थोड्या अंतरावर रस्ता जरा रुंद केलेला असतो, पांढरी पाटी लावलेली. त्याला पासिंग प्लेस म्हणतात. लांबून समोरची गाडी दिसली की ज्याला ती जागा जवळ, तो थांबतो. इथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने. जागा डावीकडे असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर शिरायचं नाही! आपल्या बाजूला, रस्त्यातच, तिच्यासमोर थांबायचं आणि समोरच्याने त्या जागेतून वळसा घालून जायचं. मला हे कळायला आठवडा गेला. मागून कुणी घाईत आला तरी त्यालाही तिथेच थांबून वाट द्यायची. आणि तिथे गाडी उभी करून समुद्राचे फोटो काढत बसणं म्हणजे मोठा गुन्हा, त्याबद्दल त्या बाई पूर्ण एक मैल बोलल्या. इतकं झालं की दोघांनी हात करायचा. हात म्हणजे पूर्ण हात नाही, स्टिअरिंगवरून एकच बोट उचलायचं. ओळख असो-नसो. मी मोजलं, आठ मैलांत बाईंनी चौदा वेळा बोट उचललं. मी विचारलं, हे सगळे ओळखीचे? त्या म्हणाल्या, त्यातले दोघे नाहीत, एकाशी वीस वर्षं बोलत नाही. पण बोट उचलायचं. न उचलणारा माणूस म्हणजे एकतर पर्यटक किंवा घरात काहीतरी वाईट घडलेलं. मग लोक संध्याकाळी त्याच्याकडे चौकशीला जातात. आता मी चालत ड्यूटीला जाते तरी गाड्या बोट करतात आणि मीही करते. दादाला हे शिकवा. तो आंजर्ल्याच्या पुलावर शिव्या देतो.

कॅसलबेच्या खाडीत पाण्यात एका खडकावर किल्ला आहे, किसिमुल. सुवर्णदुर्गाच्या मानाने पोरगं, पण खोलीच्या खिडकीतून तोच दिसतो. 2000 साली त्याच्या मालकाने तो सरकारी खात्याला हजार वर्षांच्या करारावर दिला. वर्षाचं भाडं एक पौंड आणि व्हिस्कीची एक बाटली. बाबा, हसू नका, आई बघतेय.

ग्लासगोचं मोठं इस्पितळ सोडून या टोकाला कशाला गेलीस, याचं उत्तर: खोलीचं भाडं तिथल्या निम्म्याहून कमी आहे. एवढंच. कुणाशी भांडले नाही, कुणी काढलं नाही, कुणाच्या मागे आले नाही. काकूला वाटतं तसं काही नाही.

त्याच पैशाचं लिहायचं होतं. या महिन्यापासून सत्तर हजार पाठवेन. पतपेढीचे चार हप्ते राहिलेत. दादाने गेल्या वेळी मधल्या पैशांतून इंजिनाचं काम केलं, ठीक आहे, करायलाच हवं होतं, पण या वेळी आधी हप्ता. जमल्यास तीन महिन्यांचं एकदम भरून टाकते, म्हणजे पाटल्या वैशाखाआधी सुटतील. पतपेढीत दादाला पाठवू नका, बाबा, तुम्ही स्वतः जा आणि पावती जपून ठेवा.

दादाच्या लग्नाला यायचं जमत नाहीये. फोनवर "बघते" म्हणाले होते. बघून झालं. नवीन जागी पहिले सहा महिने सलग रजा नाही, आणि तिकिटाचे पैसे म्हणजे दोन हप्ते. चुड्याचं, हळदीचं, वहिनीच्या साडीचं माझ्याकडून समजा. गणपतीला नक्की येते. मागच्या वर्षीही हेच म्हणाले होते, ते आठवतंय मला, आठवण करून देऊ नकोस.

दाभोळच्या स्थळाचं: मुलगा चांगला असेल. फोटोत चांगलाच दिसतो. पण त्याच्या आईला "मुलगी दोन वर्षांत कायमची परत येणार" असं कुणी सांगितलं? मी नाही सांगितलं. नाही म्हणत नाहीये, हो पण म्हणत नाहीये. दादाचं होऊ दे आधी. त्यांना थांबायचं नसेल तर थांबू नका म्हणावं, राग नाही. आणि माझ्या वयाचा हिशेब काकूला करू दे, तिला तेवढंच गणित येतं.

पत्र पोचेल तेव्हा पाडवा होऊन गेला असेल. मी इथे खिडकीत काठी बांधणार होते, पण वारा बघून विचार बदलला. श्रीखंड करीन, दही मिळतं.

तब्येतीला जपा. बाबा, डोळ्यात थेंब घालताय ना? घालतो असं नुसतं म्हणू नका.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, त्या पुळणीवर लोक शिंपल्या वेचतात. आपल्या तिसऱ्यांसारख्याच, पण गोल आणि रेघारेघांच्या. रविवारी वाऱ्याची पिशवी खाली होती तेव्हा मी फावड्याशिवाय, हातानेच, ओंजळभर काढल्या. ओलं खोबरं नव्हतं, सुक्यावर भागवलं. तुझा मसाला. बरं झालं होतं. बरंच म्हणते.

पाटल्या सुटल्या की लग्नात घाल, ठेवून देऊ नकोस. आणि फोटो पाठवाल त्यात हात दिसले पाहिजेत.