मा. रेल्वेमंत्री साहेब, आमची पॅसेंजर अजून लूपलाच उभी आहे

मा. रेल्वेमंत्री साहेब,
सादर नमस्कार.

आपल्यामागे कामांचा व्याप मोठा आहे, तरी पाच मिनिटं द्यावीत. आम्ही मागच्या मंगळवारी दीड तास दिला होता.

72 वर्षांच्या आईला घेऊन मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या स्टेशनवरून मुंबईकडे जाणारी पॅसेंजर पकडली. चारच्या आत तिला इस्पितळात अँजिओग्राफीसाठी भरती करायचं होतं. वेळापत्रकावर विसंबून, वर थोडा वेळ हातात राखून निघालो होतो. काही स्टेशनं झाली आणि गाडी लूपला, म्हणजे दुसऱ्या गाड्यांना वाट द्यायला बाजूच्या रुळावर, घेतली. लूप लाइन म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको. लूपला पडणं म्हणजे काय, ते सांगतो.

पंखा बंद. संडासात पाण्याचा थेंब नाही, म्हणून आई सकाळपासून पाणीच पीत नव्हती. समोरून वंदे भारत सूं करून गेली. आमचा सुटायचा सिग्नल, म्हणजे स्टार्टर, लालच. मग रोरो आली. मालगाडीवर चढवलेले ट्रक रांगेने जात होते आणि एका केबिनमध्ये ड्रायव्हर पाय वर करून झोपला होता. आई म्हणाली, ‘‘ट्रकांनाही आपणच वाट द्यायची का रे?’’ त्यानंतर मागून एक एक्सप्रेस आली, तिलाही पुढे काढलं. स्टेशनवर कुणी काही सांगेल तर शपथ. शेवटी आमचा सिग्नल मिळाला.

ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनला उतरून, आईला धरून पूल चढवला, लोकलमध्ये कसंबसं घुसलो आणि इस्पितळात पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. भरतीची खिडकी बंद. ‘‘तीन आठवड्यांनी या.’’ आई काही बोलली नाही. परत येताना पिशवीतली भाकरी तिने तशीच गुंडाळून ठेवली.

आता दिव्याचं. कोविडच्या आधी रत्नागिरी पॅसेंजर दादरहून सुटायची. कोविडनंतर ती दिव्याहून सुटू लागली. दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे मिळतात, बोरिवली-विरारचा चाकरमानी तिथे नुसता पूल ओलांडून गाडीत बसायचा. दिव्याला यायचं तर त्याने पहाटे बोचकी घेऊन दोन लोकल बदलायच्या. ‘‘गणपतीच्या आधी दादरहून सोडू,’’ असं एका बैठकीत आम्हाला सांगण्यात आलं. कुठल्या सालचा गणपती, हे विचारायचं राहिलं. चूक आमचीच.

कोविडने गाड्यांची नावंही बदलली. 2010 पासून गाड्यांना पाच आकडी नंबर आहेत. 5 ने सुरू होणारी पॅसेंजर, 1 ने सुरू होणारी एक्सप्रेस, 0 म्हणजे स्पेशल. दिवा-सावंतवाडी 50105 होती, ती 10105 झाली. पाचाचा एक केला की गाडी एक्सप्रेस होते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. एवढं सोपं असतं तर आमच्या म्हशीला नंबर देऊन घोडी केली असती. नवा आकडा लागून त्या डब्यांचा वेग किती वाढला, ते पाठीला विचारा.

आणि पॅसेंजरचं कमीत कमी 10 रुपयांचं तिकीट 30 झालं. ते फेब्रुवारी 2024 मध्ये पुन्हा 10 वर आणलं. आमच्या शेजारच्या काकू मासळीची पाटी घेऊन दोन स्टेशनांपलीकडच्या बाजाराला जातात. जाऊन-येऊन दिवसाला 40 रुपये जादा, महिन्याचे 15 बाजार धरले तर 600, असं वर्षानुवर्षं. देशभरच्या अशा किती काकू, तो गुणाकार तुमच्या लोकांनी करावा. माझ्या कॅल्क्युलेटरवर मावत नाही. परत काय मिळालं? काही नाही. उलट दर कमी केल्याबद्दल पुढाऱ्यांचे बॅनर लागले!

2016 मध्ये आरक्षणाच्या तिकिटांवर एक वाक्य छापून यायचं: तुमच्या भाड्याचा 43 टक्के भार देशातले सामान्य नागरिक उचलतात, ठाऊक आहे का? साहेब, मग आम्ही कोण? आईला मिळणारी ज्येष्ठांची निम्मी सवलत मार्च 2020 मध्ये गेली. कोकण रेल्वेवर तर खऱ्या अंतरावर 40 टक्के चढवून भाडं लावण्याची रीत. म्हणजे किलोमीटर फुगवलेले आणि वर उपकारही आमच्यावरच. या रेल्वेत महाराष्ट्राचा 22 टक्के वाटा होता. आमच्या घरच्या आंब्याच्या 11 कलमांवरून रूळ गेले. वडील म्हणाले होते, ‘‘जाऊदे, गाडी दारात येईल.’’ 26 जानेवारी 1998 ला सगळी लाइन सुरू झाली, तेव्हा पेढे वाटले होते त्यांनी. गाडी दारात आली खरी. दारात उभीच राहते.

एकेरी मार्ग आहे, कुणाला तरी थांबावं लागणार, हे कळतं. रोहा ते वीर दुसरा रूळ 2021 मध्ये पडला, त्याच्या पुढे बहुतेक ठिकाणी आजही एकच. पण थांबायचं नेहमी आम्हीच का? वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला भरपूर वेळ घालून ठेवायचा, म्हणजे वाटेत रडत आलेली गाडी शेवटी कागदावर ‘वेळेत’. पूर्वी निदान रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प असायचा, संसदेत एखादा खासदार आमच्या गाडीसाठी ओरडायचा. 2017 पासून तोही मोठ्या अर्थसंकल्पात विरघळला. आता ओरडायचं तर मोबाईलवर; तिकडून उत्तर येतं, ‘पीएनआर कळवा.’ जनरलच्या तिकिटाला पीएनआर कुठून आणू?

मागणं फार नाही. गाडी दादरहून सोडा. ती लूपला घेतली की किती वेळ थांबणार आहे, ते मास्तरांना माइकवरून सांगायला लावा. आणि संडासात पाणी.

आईची नवी तारीख पुढच्या महिन्यात 19 ला आहे. आम्ही 18 लाच निघतोय. रात्र मामेबहिणीकडे डोंबिवलीला काढू.

आपला,
जनरल डब्यातला 43 टक्क्यांचा देणेकरी