विमानाचा नकाशा अंदाजाने वाचू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरच्या घरी विमान बांधणाऱ्यांची वृत्ते अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात आणि त्यांत 'जुगाड' हा शब्द कौतुकाने वापरलेला असतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आयुष्यभर यांत्रिकी आरेखन शिकविलेल्या माझ्यासारख्याला तो शब्द येथे खटकतो, म्हणून हे पत्र. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईतील चारकोपच्या गच्चीवर बांधलेले आणि २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलेले सहा आसनी विमान त्यांच्याच आरेखनाचे होते; शंका आली तर उत्तर देणारा माणूस तेथेच उभा होता. दुसऱ्याने, दुसऱ्या देशात काढलेल्या नकाशांवरून विमानाचे धड बांधायला घेणाऱ्याला ही सोय नसते.

अमेरिकेतील बर्नार्ड पीटेनपोल यांचे 'एअर कँपर' हे लाकडी विमान घ्या. फोर्ड मोटारीचे इंजिन बसवून ते १९२९ मध्ये उडाले आणि त्याचे नकाशे पाहून हौशी लोक आजही ते बांधतात. पुढे शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर मोटारीच्या इंजिनासाठी त्याच्या लांब धडाचा वेगळा नकाशा निघाला. आखूड धडाच्या कागदावरील एखादे माप लांब धडाच्या कागदावर सापडत नाही, म्हणून तेथून उचलून आणणे हा चुकीचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

धडाची रुंदी लिहिलेली असते, पण ती कोठपासून कोठपर्यंत? धडाच्या लांबीने जाणाऱ्या एक इंची चौरस दांड्यांच्या बाहेरील कडांपर्यंत, की त्यांवर चिकटवायच्या प्लायवूडच्या बाहेरील पृष्ठापर्यंत? प्लाय एक सूत (इंचाचा आठवा भाग) जाडीचा धरला, तर दोन्ही बाजू मिळून दोन सुतांचा फरक पडतो. आपल्या सुतारांना दोन सूत म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. याहून फसवे माप लांबीचे असते. धडाच्या दोन्ही बाजू आधी टेबलावर सपाट बांधतात आणि मग शेपटीकडची टोके एकत्र ओढून जोडतात. साडेतीन मीटर लांबीचा दांडा शेपटीपर्यंत तीस सेंटिमीटर आत वळला, तर मध्यरेषेवर मोजलेली लांबी आणि दांड्यावरून मोजलेली लांबी यांत सुमारे १३ मिलिमीटर फरक येतो. नकाशातले अंतर यांपैकी कोणते, हे लिहिलेले नसेल, तर शेपटीच्या आधाराची जागा तेवढ्याने सरकते.

आपल्याकडील विद्यार्थ्यांची आणखी एक अडचण मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिली. वस्तूची दृश्ये कागदावर मांडण्याच्या पद्धतीला प्रक्षेपण म्हणतात; आपण प्रथम कोन प्रक्षेपणाने आरेखन करतो आणि अमेरिकी नकाशे तृतीय कोन प्रक्षेपणाचे असतात. डावीकडून पाहिलेले दृश्य आपण समोरच्या दृश्याच्या उजवीकडे काढतो, अमेरिकी आरेखक डावीकडेच काढतात. नकाशावरील प्रक्षेपणाची खूण न पाहता पत्र्याची फिटिंग वाकविली, तर ती आरशातल्यासारखी उलटी होते आणि इंजिनामागच्या आडव्या भिंतीवरील छिद्रेही उलट्या बाजूला पडतात. माप मात्र अचूक असते, त्यामुळे चूक शेवटपर्यंत लक्षात येत नाही. (परीक्षेत असे उत्तर लिहिणाऱ्याचे मी निम्मेच गुण कापत असे, तो उदारपणा विमानात चालणार नाही.)

अशा वेळी कागदावर पट्टी ठेवून माप घेऊ नये, कारण छायाप्रत काढताना कागद लहानमोठा होतो आणि दमटपणाने फुगतोही. सपाट टेबलावर धडाची बाजू पूर्ण मापात आखावी, मध्यरेषा दोरी व ओळंब्याने पक्की करावी, समोरासमोरचे कर्ण ताडून पाहावेत. लिहिलेल्या दोन मापांची बेरीज तिसऱ्याशी जुळत नसेल, तर तो प्रश्न मूळ आरेखकाला, तो हयात नसेल तर त्याच नकाशावरून विमान बांधून उडविलेल्या अनुभवी माणसाला विचारावा. उत्तर मिळेपर्यंत करवत खाली ठेवावी, कारण स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा लांब, सरळ धाग्याचा दांडा आपल्या लाकूड वखारीत सहज मिळत नाही. आलेले उत्तर तारखेसह वहीत नोंदवावे, म्हणजे वर्षभराने दुसऱ्या बाजूची फिटिंग करताना पुन्हा वेगळा अर्थ लावला जाणार नाही.

आपल्या प्रतिनिधींनी पुढच्या वेळी अशा कारागिराची मुलाखत घेताना इंजिन कोणत्या मोटारीचे आहे हे जरूर विचारावे, पण ही वहीही पाहावयास मागावी, एवढी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक, नाशिक