बाबा, तो कॉम्प्युटर टाकू नका

ती. बाबा आणि आई,

फोनवर सांगायला लागलं की बाबा नुसतं "हं, हं" करतात आणि मग फोन आईच्या हातात देतात, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. लांबलंय, पण एकदा पूर्ण वाचा, मधलं सोडू नका.

पहिलं म्हणजे कॉम्प्युटर टाकायचा नाही. दुकानातल्या त्या पोरानं सांगितलं की हा आता संपला, यात विंडोज अकरा बसत नाही, नवीन घ्या. त्यातलं अर्धं खरंय आणि अर्धं त्याच्या सोयीचं. विंडोज दहा जुलै २०१५ ला आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट बंद केला, हे खरं. म्हणजे त्या दिवसापासून ते चालायचं थांबलं असं नाही, पण त्यात जी भोकं सापडतील ती बुजवायचं काम थांबलं. एक वर्षाची मुदतवाढ मिळते, ती पण १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते, म्हणजे दुखणं पुढं ढकलण्यापलीकडं काही नाही. आणि विंडोज अकराला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपला आय थ्री सहाव्या पिढीचा, त्यामुळं तो त्यांच्या यादीतच नाही. मशीन बिघडलेलं नाही हो, यादीत नाही एवढंच. तुमचा तालमीचा हिशोब, आईचे व्हिडिओ कॉल, लाइट बिल, पेन्शनची साइट, एवढ्यासाठी तो अजून कितीतरी वर्षं पळेल.

तर आपण त्यात विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकायचं, म्हणजे मशीन चालवणारी दुसरी, फुकट मिळणारी सिस्टीम, तिचं २२.२ व्हर्जन. आई, तुला आवडेल, या लोकांच्या प्रत्येक व्हर्जनला बाईचं नाव असतं आणि ते आ-कारान्त असतं, २००६ मधलं पहिलं आडा होतं आणि हे २२.२ चं झारा. याला २०२९ पर्यंत अपडेट येत राहणार.

आता बाबांचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय, फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार. गोम नाही. १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोर्वाल्ड्स नावाच्या कॉलेजातल्या पोरानं याचा गाभा लिहायला घेतला आणि लोकांसमोर उघडा ठेवला, कुणीही बघा, कुणीही सुधारा. आज त्यावर जगभरातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी इंजिनिअर काम करतात कारण त्यांचे सगळे सर्व्हर त्यावरच चालतात. तुमच्या खिशातला अँड्रॉइड मोबाइल पण त्याच गाभ्यावर चालतो, तो तुम्ही बिनधास्त वापरता की. मिंटवाल्यांचा खर्च देणग्या आणि स्पॉन्सर यांच्यावर भागतो.

दादा शनिवारी कोल्हापूरला येतोय, त्याच्याकडं पेनड्राइव्ह दिलाय. फाइल मी इथं उतरवून घेतलीय आणि तिची बेरीज जुळतेय का तेही तपासलंय. बेरीज म्हणजे त्यांच्या साइटवर फाइलचा एक लांबलचक नंबर दिलेला असतो, आपल्याकडं आलेल्या फाइलचा नंबर काढून दोन्ही शेजारी ठेवायचे, एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल फेकून द्यायची. हे मी उगाच करत नाही, फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटची साइटच हॅक करून कुणीतरी बनावट फाइल लावली होती. मिंटवाल्यांनी लगेच स्वतःच जाहीर केलं, लपवलं नाही, त्यामुळं माझा विश्वास उलट वाढला, पण तेव्हापासून तपासल्याशिवाय मी काही टाकत नाही.

बाबा, आता तुमचं काम. मला हे सगळं इथं बसून रिमोटवर करता आलं असतं, किंवा दादानं येऊन करून दिलं असतं आणि तुम्ही शेजारी चहा घेत बसला असता. पण मग पुढच्या महिन्यात कायतरी खिडकी उघडली की परत "मनीला विचारा". उद्यमनगरात तुम्ही आयुष्यभर लेथ उघडून, पार गिअर बाहेर काढून, परत बसवलेत, आणि इथं "ओके" दाबायला हात थरथरतो, हे मला पटत नाही. त्यामुळं हे तुम्हीच करायचं. दादा फक्त टॉर्च धरेल.

शाहूपुरीत नाहीतर राजारामपुरीत कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानातून दोन वस्तू आणा. एक अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी नव्या पद्धतीची डिस्क, २५६ जीबीच्या आसपासची, आणि एक रॅमची पट्टी. रॅम आणताना आपली जुनी पट्टी काढून सोबत न्या आणि "अशीच, पण आठ जीबी" म्हणा. मिंट दोन जीबीत पण उठतं, चार असली तर बरं म्हणतात, पण हल्ली ब्राउझरच एवढा खातो की आठ असलेली बरी. आणि खरा फरक एसएसडीनं पडतो. आपली जुनी हार्ड डिस्क आत गरगर फिरणारी आहे, बटण दाबून आईचा चहा होईस्तोवर विंडोज उघडायचं ते मुख्यतः तिच्यामुळं.

त्याआधी एक, आणि हे विसरू नका. विंडोज शेवटचं बंद करताना कीबोर्डवरची शिफ्ट दाबून धरायची आणि मग शटडाउनवर क्लिक करायचं. एरवी विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग मिंटमधून जुनी डिस्क उघडायला गेलं की ती कुरकुर करते, फाइल बघू देते पण बदलू देत नाही, नाहीतर उघडतच नाही.

मग मागची वायर काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज उतरते, आणि डावीकडची बाजू उघडा. जुन्या हार्ड डिस्कला दोन केबल असतील, एक चपटी पातळ डेटाची आणि एक रुंद, पॉवरची, ती एसएमपीएसमधून, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायच्या डब्यातून येते. दोन्हींच्या तोंडाला आतून एल आकाराची खाच असते, त्यामुळं उलटी बसतच नाही, जोर लावायचा नाही. त्या दोन्ही केबल जुन्या डिस्कच्या काढून नव्या एसएसडीला लावा. जुनी डिस्क तशीच राहू दे, फक्त तिला काही जोडलेलं नको. हे एवढ्यासाठी की इन्स्टॉल करताना ती मशीनला दिसलीच नाही तर चुकून पुसली जायचा प्रश्नच येत नाही. तुम्ही नेहमी म्हणता की महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला ठेवलंय, सेफ आहे. बाबा, सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन वाटे आहेत, डिस्क गेली की दोन्ही जातात. आईचे साठीचे फोटो, तालमीचे जुने हिशोब, सगळं त्या एका डब्यात आहे. मिंट होवो न होवो, त्याची एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आधी घेऊन ठेवा, दादाकडं आहे.

रॅमच्या पट्टीला खाली एक खाच असते, ती खोबणीतल्या उंचवट्यावर आली की दोन्ही टोकांना अंगठ्यानं दाबायचं, कट् असा आवाज आला की बसली.

पुढचं सोपंय. पेनड्राइव्ह लावा, मशीन चालू करा आणि लगेच एफ बारा दाबत राहा. काळ्या पडद्यावर यादी येईल त्यात पेनड्राइव्ह निवडा. थोड्या वेळात मिंटचा डेस्कटॉप समोर येईल, आणि गंमत म्हणजे तोवर काहीच इन्स्टॉल झालेलं नसतं, सगळं पेनड्राइव्हवरनं आणि रॅममध्ये चालतंय. इथं घाई करू नका. वायफाय जोडा, आवाज येतोय का बघा, आईला एखादं भजन लावून द्या, कॅमेरा चालतो का बघा, प्रिंटर जोडून बघा. प्रिंटरचं मी छातीठोक सांगत नाही. बरेच नवे प्रिंटर जोडले की आपोआप ओळखले जातात, काही जुने छोटे लेझर मात्र हट्टी असतात, आपला त्यातलाच वाटतो. नाहीच चालला तर फोन करा, मी इथून बघते. पेनड्राइव्हवरनं चालताना जरा हळू वाटेल, ते तेवढ्यापुरतंच.

मन भरलं की डेस्कटॉपवर इन्स्टॉलचा आयकॉन आहे त्यावर डबल क्लिक. भाषा इंग्रजीच ठेवा, कारण अडलं तर फोनवर कुणीही सांगेल ते मेनूची इंग्रजी नावंच सांगेल. कीबोर्ड विचारेल तिथं इंग्लिश इंडिया विथ रुपी घ्या, मग उजवीकडचं ऑल्ट धरून चार दाबलं की रुपयाचं चिन्ह उमटतं, तालमीच्या हिशोबाला बरं. मल्टिमीडिया कोडेकला टिक करा, गाणी-व्हिडिओ चालायला ते लागतात. मग ती खिडकी येईल ज्यात "इरेज डिस्क" लिहिलंय, आणि तुम्ही तिथं थांबणार हे मला माहितीय. थांबू नका. पुसायला तिथं कोरी एसएसडी सोडून दुसरं काही नाहीच. नकाशावर भारतावर क्लिक केलं की कोलकाता लिहून येईल, ते बरोबर आहे, आपल्या सगळ्या देशाची वेळ त्याच नावानं असते. नाव, पासवर्ड द्या आणि पासवर्ड डायरीत लिहा, कॅलेंडरवर नको. शेवटी रीस्टार्ट म्हणेल, पेनड्राइव्ह काढायला सांगेल, काढून एंटर. पहिल्यांदा उठलं की परत एकदा बंद करून जुनी डिस्क पण जोडून टाका, मदरबोर्डवर दुसरं साटाचं तोंड मोकळं असेल, फक्त डेटा केबल एक जादा लागेल, ती पण दुकानातून आणून ठेवा.

आता मराठीचं, कारण तुमचं सगळं अडतं ते इथंच. तुमच्या जुन्या फाइली ज्या फाँटमध्ये आहेत तो जुन्या पद्धतीचा आहे, म्हणजे आत खरी अक्षरं इंग्रजीच असतात आणि फाँट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फाँट नसला की सगळा मजकूर इंग्रजी कचऱ्यासारखा दिसतो. घाबरू नका, काही बिघडलेलं नसतं. जुन्या डिस्कवर विंडोज फोल्डरच्या आत फाँट्स नावाचं फोल्डर आहे, त्यातली ती फाँटची फाइल इकडं कॉपी करा, डबल क्लिक, इन्स्टॉल, आणि लिब्रे ऑफिस, म्हणजे मिंटमधलं वर्ड-एक्सेलसारखं, बंद करून परत उघडा. फाइल होती तशी दिसेल.

पण नवीन काही लिहायचं ते युनिकोडमध्येच लिहा, त्यात आतली अक्षरंही खरी देवनागरीच असतात, म्हणजे व्हॉट्सअपवर पाठवा नाहीतर मेलवर, समोरच्याला वाचता येतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की खालच्या पट्टीत भाषा बदलायची खूण येते. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डची मांडणी एकदा डोक्यात बसली की सुटत नाही, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. के दाबलं की क, एल दाबलं की त, जे दाबलं की र. पाय मोडायला डी. म्हणजे "क्त" लिहायचं तर के, डी, एल. पहिल्या आठवड्यात वैताग येईल, चिडून जुन्या फाँटवर जाऊ नका. आणि तालमीच्या बाकी लोकांना फाइल पाठवताना सेव्ह अ‍ॅज करून वर्डचा प्रकार निवडा, नाहीतर त्यांच्याकडं उघडताना मांडणी हलली म्हणून तुमच्याच नावानं ओरडतील.

आई, तुझ्यासाठी मिंटमध्ये वेब अ‍ॅप्स म्हणून एक सोय आहे, त्यात कुठल्याही वेबसाइटचा वेगळा आयकॉन करता येतो. दादाला सांगितलंय, व्हॉट्सअपचा एक आणि यूट्यूबचा एक करून देईल. बाबांना विचारत बसायचं नाही, मेनूत तुझं तू उघडायचं. आणि कधी स्क्रीनवर लाल खिडकी येऊन "तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस आला, या नंबरवर फोन करा" असं आलं तर ती खिडकी बंद कर, फोन करायचा नाही. मिंट असलं तरी ते भामटे येणारच, त्यांना तुझा कॉम्प्युटर नको असतो, तुझा ओटीपी हवा असतो.

खाली उजवीकडं ढालीचं चिन्ह दिसेल, त्यावर ठिपका आला की अपडेट आलेत. उघडा, इन्स्टॉल करा, पासवर्ड टाका. विंडोजसारखं मध्येच हिशोब लिहिताना "आता रीस्टार्ट करतो" असं नाही, तुम्ही म्हणाल तेव्हाच. त्याआधी टाइमशिफ्ट चालू करून ठेवा, ते सिस्टीमचा फोटो काढून ठेवतं, काही बिनसलं तर कालच्या अवस्थेत परत जाता येतं. मात्र ते फक्त सिस्टीमचं, तुमचे फोटो आणि फाइली त्यात येत नाहीत, त्यांची कॉपी वेगळीच ठेवायची.

रविवारी सकाळी दहानंतर मी मोकळी आहे. व्हिडिओ कॉल आईच्या मोबाइलवर लावा आणि कॅमेरा कॅबिनेटच्या आत धरा, बाबांच्या तोंडावर नको. एसएसडीला अर्धा तास पुष्कळ होतो. मिसळ आणायला दादाला पाठवायची असेल तर त्या आधी पाठवा, मध्येच टॉर्च कोण धरणार?

तुमची,
मनी

ता.क. जुनी रॅमची पट्टी फेकू नका. दुसरी खोबण मोकळी असेल आणि नव्या पट्टीसोबत चालत असेल तर ती पण लावून टाकू.